दगडूचं जावळ

ज्वारी हुरड्यात आली की मला घरात बसवत नाही. परभणीत आमच्या घरामागं एक मोकळा प्लॉट आहे. मालक पुण्याला असतो आणि शेजारच्या इमारतीचा वॉचमन तिथं दरसाल हौसेनं चार ओळी ज्वारी पेरतो. चार ओळींचं ते काय पीक, पण थंडीत सकाळी त्या ताटांवरून वारा आला की मी चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसते. सून म्हणते, आई, गार लागेल, आत या. मी हो म्हणते आणि तिथंच बसून राहते. ऐंशी ओलांडलेल्या बाईचा एवढा हट्ट चालवून घेतात.

त्या वाऱ्याला कोवळ्या कणसांचा वास असतो, दवाचा असतो, कुठंतरी पेटवलेल्या गोवऱ्यांचा असतो. माझ्या नाकाला मात्र आणखी एक वास येतो, जो दुसऱ्या कुणाला येत नाही. तांबड्या साबणाचा आणि दवानं भिजलेल्या तंबूच्या कापडाचा. हे दोन वास आमच्या गावात जेमतेम महिनाभर होते. मी तेव्हा नऊ वर्षांची असेन. नक्की वय कुणी लिहून ठेवलं नव्हतं. माय म्हणायची, मोठ्या पुराच्या आदल्या साली झालीस, आणि मोठे पूर तर आमच्याकडं बरेच आले.

आमचं गाव चुडाव्याच्या स्टेशनापासून दीड कोसावर. रझाकारांची धामधूम सरून तीन-चार वर्षं झाली होती. निजामाचं राज्य गेलं, नवं आलं, पण गावाच्या अंगातली भीती गेली नव्हती. अनोळखी माणूस दिसला की बायका आधी पोरं आत घ्यायच्या आणि मग कोण आहे ते विचारायच्या. अशा गावात मार्गशीर्षात बातमी आली की गोरे लोक यायलेत. पारावरची मंडळी बुचकळ्यात पडली. इंग्रज तर गेला म्हणतात, आणि आपल्याकडं तर तो कधी धड आलाही नव्हता, मग हे कोण? कुणी म्हणालं, खोदकाम करून सोनं न्यायला आलेत. आमच्या काळ्या मातीत खोदल्यावर काय निघतं ते आम्हाला चांगलं ठाऊक होतं, त्यामुळं हसून ती शंका मिटली.

जालन्याकडचे एक येशुदास मास्तर आधी येऊन पाटलांना भेटून गेले. काळा कोट, पांढरं धोतर आणि बोलणं अगदी पुस्तकातलं. त्यांनी समजावलं की हे अमेरिकेतल्या एका लहान गावातले शेतकरी आहेत. हिवाळ्यात त्यांची शेतं बर्फाखाली असतात. त्यांच्या चर्चमधल्या सात जणांनी ठरवलं की हा एक हिवाळा कुठंतरी लांब जाऊन लेकरांची सेवा करायची. पाच आठवडे राहतील आणि परत जातील. पाटलांनी एकच विचारलं म्हणे, तोवर त्यांची जनावरं कोण बघणार. मास्तर म्हणाले, भाऊबंद. मग पाटील निवांत झाले आणि त्यांनी ओढ्याकाठचं चिंचबन तंबूंसाठी दिलं.

ते आले ती दुपार मला अजून दिसते. तीन बैलगाड्या, गाड्यांत पेट्या आणि पेट्यांवर बसलेली लालबुंद माणसं. धुरळ्यातून येताना ती खरी वाटत नव्हती. आम्ही पोरं ज्वारीच्या ताटांत लपून बघत होतो. त्यांच्यातल्या एकीनं आम्हाला पाहिलं आणि हात हलवला, आणि आम्ही जे पळालो ते थेट मारुतीच्या देवळामागं जाऊन थांबलो. दुसऱ्या दिवशी मात्र ऊन वर यायच्या आत सगळा गाव चिंचबनात. पांढरे तंबू दवानं ओले होते, त्यांच्यातून उन्हाचा पिवळा उजेड आत गेलेला होता आणि आत माणसं हिंडताना त्यांच्या सावल्या कापडावर हलत होत्या. मी आजही डोळे मिटले तर आधी त्या सावल्या दिसतात आणि माणसं मागाहून येतात.

त्या दिवसांचा क्रम आता मला लावता येत नाही. सगळं एकच लांब सकाळ असल्यासारखं आठवतं. मोठ्या कढईत पांढरी भुकटी कालवून दूध करायचे, त्याची चव खडूसारखी लागायची, आणि आम्ही तोंड वाकडं करून दोन-दोन वाट्या प्यायचो. डोळ्यांत थेंब घालायचे. नखं कापायचे. हाताला साबण चोळून घ्यायचे आणि त्या साबणाचा फेस आम्ही वारा येईल तिकडं उडवायचो. एक उंच गृहस्थ घडीची पेटी उघडून वाजवायचे आणि मास्तरांनी मराठी केलेली गाणी आम्हाला शिकवायचे. आम्ही ती सुगीत म्हणायच्या भलरीच्या चालीवर म्हणायचो, तेव्हा ते गृहस्थ पेटी थांबवून हसत बसायचे.

चित्रांचे मोठे कागद होते. एका चित्रात गोठ्यात, जनावरांच्या गव्हाणीत तान्हं बाळ निजलेलं होतं. मास्तर भरल्या आवाजात म्हणाले, पाहा मुलांनो, देवाचा पुत्र, आणि जन्मला कुठं तर गोठ्यात. ते थांबले, आम्ही आश्चर्य करावं म्हणून. आम्हाला काही कळेना. आमच्यातली निम्मी पोरं गोठ्यातच जन्मली होती. बाळंतिणीला तीच जागा उबदार असते. एका पोरीनं विचारलं, मग लेकराच्या मायला शेक द्यायला शेगडी का न्हाई काढली चित्रात. मास्तरांनी ते इंग्रजीत सांगितलं, तेव्हा सातही जण त्या चित्राकडं नव्यानं बघत राहिले.

त्या सातांत एल्साबाई माझी. लहान मुलं असं ठरवून टाकतात, तसं मी ठरवलं होतं. पन्नाशीच्या असतील. चेहरा गोरा, पण हात अगदी आमच्या मायच्या हातांसारखे, भेगा पडलेले आणि नखांच्या कडेला काळे. एकदा त्या कापसाच्या रानात आल्या आणि बायकांच्या ओळीत, पातीला लागून बोंडं वेचायला लागल्या. बायकांनी आधी टिंगल केली. मग एल्साबाईंच्या बोटांना बोंडाच्या वाळक्या टोकांनी रक्त आलं, त्यांनी ते फ्रॉकला पुसलं आणि पुढचं बोंड धरलं. त्यानंतर टिंगल थांबली. माय त्या दिवशी घरी येऊन दादांना म्हणाली, बाई कामाची हाय. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. माझ्या मायच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी कधी ऐकलं नाही.

माय. तिच्याबद्दल सांगायचं तर आधी दगडूबद्दल सांगावं लागेल.

माझ्या पाठीवर मायला दोन मुलं झाली आणि दोन्ही वर्षाच्या आत गेली. तिसरा झाला तेव्हा त्याचं नाव दगडू ठेवलं; असल्या नावाच्या पोराकडं कुणाची नजर जात नाही असं सगळेच धरून चालतात. आणि मायनं सटवाईला नवस बोलला. पोर पाच वर्षांचं होईपर्यंत त्याच्या डोक्याला लोखंड लावणार नाही, पाचव्या चैत्रात तुझ्या ठाण्यावर येऊन मामाच्या मांडीवर जावळ काढीन आणि तुझ्या पायांशी ठेवीन. सटवाई म्हणजे पाचवीच्या दिवशी येऊन लेकराच्या कपाळावर लिहून जाणारी. जिनं लिहिलं तिच्याशीच मायनं बोलणं करून ठेवलं होतं. ती कधी दुसऱ्या कुठल्या देवाकडं काही मागताना मला दिसली नाही.

दगडू तेव्हा चारचा. त्याचे केस खांद्याखाली आलेले, तेल लावून माय दोन वेण्या घालायची, आणि पाहुणे त्याला मुलगी समजायचे. त्या हिवाळ्यात त्याच्या डोक्यात खवडे झाले. केसांच्या बुडाशी पू, वर खपल्या, त्यात उवा. केस एकमेकांना चिकटून त्यांच्या जटा झाल्या होत्या. तो दिवसभर खाजवायचा आणि रक्त आलं की रडायचा. माय लिंबाचं तेल लावायची. ते केसांना लागायचं, कातडीपर्यंत पोचायचं नाही. तिनं एकदा त्याचं डोकं मांडीवर घेतलं, जटा बाजूला करून आत पाहिलं आणि लगेच पदरानं झाकून टाकलं. दगडूला दिवसभर कडेवर वागवायचं काम माझं होतं. माय रानात, दादा रानात, आणि मी त्या रडक्या ओझ्यासह चिंचबनात.

तिथं खवडे असलेल्या पोरांची सतरंजी वेगळी होती. एकाचं दुसऱ्याला लागू नये म्हणून मागं, शेवटच्या चिंचेखाली. त्यांचं बरोबरच होतं. पण दगडूला घेऊन मलाही तिथं बसावं लागायचं. पुढं पोरी पतंगाच्या कागदाचे तारे करत होत्या, लाल, हिरवे, जांभळे. चार दिवसांनी त्यांचा मोठा सण होता, नाताळ, आणि ते तारे सगळ्या चिंचांना बांधायचे होते. ज्यांची डोकी साफ, त्यांनी तारे करायचे. मला मागून फक्त रंग दिसायचे. मला तो तारा करायचा होता. मी हे आज कितीही सावरून लिहिलं तरी खरं एवढंच आहे. भावाची तळमळ बघवत नव्हती, हेही खरं, पण ते दुसरं खरं.

त्या सकाळी एल्साबाई आमच्या सतरंजीजवळ आल्या. दगडूचं डोकं त्यांनी उजेडाकडं धरून बराच वेळ पाहिलं. मग मास्तरांना बोलावून काही सांगितलं. मास्तर माझ्याकडं वळले. ते म्हणाले, बाळ, केस काढल्याशिवाय औषध लागणार नाही. पण बाई म्हणतात, आईला विचारल्याशिवाय आम्ही हात लावणार नाही. तू जाऊन विचारून ये.

मी दगडूला तिथंच ठेवून पळाले. आमचं रान ओढ्याच्या पलीकडं. मी बांधावर जाऊन उभी राहिले. माय कापसाच्या ओळीत वाकलेली, तिची पाठ मला दिसत होती आणि पाठीवर कापूस वेचायच्या ओट्याची गाठ. हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती. ती काय म्हणेल ते मला ठाऊक होतं. म्हणून मी हाक मारली नाही. थोडा वेळ तशीच उभी राहिले, जेवढा वेळ विचारायला लागतो तेवढा, आणि पळत परत आले.

"माय व्हय म्हनली," मी मास्तरांना सांगितलं.

बाकीचं सावकाश झालं, स्वप्नात होतं तसं. एल्साबाईंनी दगडूला मांडीवर घेतलं. त्या मांडीला मामाची मांडी म्हणता आलं नसतं, पण त्यांनी धरलं तसंच. कात्री करकर चालली. जटा एकेक करून पडल्या. आत लालभडक कातडी निघाली आणि त्यावर त्यांनी जांभळं औषध लावलं. दगडू रडायचा थांबला. डोक्याला वारा लागत होता, त्याचंच त्याला नवल वाटत असावं. तो हात वर नेऊन डोकं चाचपत राहिला. उवांचे केस ते लोक एका खड्ड्यात टाकून घासलेट ओतून जाळायचे, तसे तेही जाळले. मला पुढच्या सतरंजीवर बसवलं आणि हातात लाल कागद दिला. मी घडी घालत होते आणि पुन्हा उलगडत होते.

माय दिवस बुडताना आली. डोक्यावरचं कापसाचं गाठोडं तिनं उतरवलंही नाही, तशीच दारात उभी राहिली. दगडू अंगणात खेळत होता, गोटा करून, जांभळ्या डोक्याचा. मी वाट बघत होते की ती ओरडेल, मारेल. तिनं गाठोडं खाली ठेवलं, त्याला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला. मग मला एकच विचारलं.

"केस कुठं हायत?"

मी म्हणाले, जाळले. माय खाली बसली. मला त्या घडीला मरून जावंसं वाटलं, आणि नऊ वर्षांच्या पोरीला तसं वाटतं म्हणजे काय ते मी आजही नीट सांगू शकत नाही. तिच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. बोलणं मोडलं होतं. केस हातात असते तर निदान लवकर का होईना, देऊन माफी मागता आली असती. आता सटवाई तिसऱ्यालाही नेणार. नंतर घराच्या भिंतीला टेकून ती दगडूला मांडीवर घेऊन बसली, आणि मी झोपले तरी तशीच होती.

सकाळपर्यंत गावात एकाचे दहा झाले होते. गोऱ्यांनी नवसाचं पोर बाटवलं. शेंडीसुद्धा काढली. आता याला आपल्याबरोबर नेणार. चावडीसमोर माणसं जमली, आणि सातही जणांना बोलावणं गेलं. ते आले आणि एका ओळीत उभे राहिले. माय दगडूला घेऊन पुढं. मी तिच्या लुगड्याचा घोळ मुठीत धरून तिच्या मागं. दादा काठीवर हात ठेवून एका बाजूला उभे होते आणि त्यांच्याकडं बघायची माझी हिंमत नव्हती.

पाटलांनी मास्तरांना सगळं समजावून सांगितलं, नवस काय असतो, जावळ काय असतं, या बाईची दोन लेकरं कशी गेली. मास्तर ते इंग्रजीत सांगत गेले तसा एल्साबाईंचा चेहरा उतरत गेला. मग पाटलांनी विचारलं, पोराला हात लावण्याआधी घरच्या कुणाला विचारलं होतं का.

आता सगळं फुटणार होतं. त्यांनी फक्त खरं सांगायचं होतं. विचारलं होतं, पोरगी जाऊन आली, पोरगी हो म्हणाली. सात माणसं सुटली असती आणि सगळा गाव माझ्याकडं वळला असता. एल्साबाईंनी मान वळवली. मायच्या पाठीमागं मी, माझी मूठ, माझं तोंड, हे सगळं त्यांनी पाहिलं. त्या मास्तरांकडं बघून एक लहानसं वाक्य बोलल्या.

विचारणारे तर मास्तरच होते. मला जायला सांगणारेही तेच. त्यांनी कोटाची एक गुंडी लावली आणि पुन्हा काढली. मग त्यांच्या त्या पुस्तकी मराठीत म्हणाले, "बाई म्हणतात, आम्ही विचारलं नाही. चूक आमची आहे."

ते दोघं चर्चचे लोक. रोज सकाळी आम्हाला खोटं बोलू नये म्हणून शिकवणारे. मला तेव्हा एवढंच कळलं की मी वाचले, आणि वाचल्याचा आनंद मला झाला नाही.

कुणी म्हणालं, आत्ताच्या आत्ता गाशा गुंडाळा. पाटील म्हणाले, लेकराच्या मायला विचारा. माय म्हणाली, मला राख द्या. चिंचबनातल्या त्या खड्ड्यात कुणाकुणाचे केस जळले होते, कोणती राख कुणाची ते कळणार कसं. पण एल्साबाई त्या खड्ड्याशी जाऊन गुडघ्यावर बसल्या आणि हातांनी उकरायला लागल्या. त्यांना आठवत होतं, शेवटची राख वरच असणार. माय त्यांच्या समोर बसली आणि तीही उकरायला लागली. चार काळे हात. घासलेटाचा वास येणारी ती राख मायनं कोऱ्या फडक्यात बांधली आणि तशीच नदीच्या वाटेला लागली. एल्साबाई मागं निघाल्या. मास्तर त्यांना काहीतरी सांगत होते, बहुतेक जाऊ नका म्हणून. त्या गेल्या. वाटेत दगडू चालेना, तेव्हा त्यांनी त्याला उचललं आणि मायनं उचलू दिलं.

सटवाईचं ठाणं नदीच्या वळणावर, बाभळीखाली, शेंदूर लावलेले पाच दगड. माय राख घेऊन पुढं गेली, डोकं टेकून बराच वेळ बोलत राहिली. एल्साबाई थोड्या अंतरावर थांबल्या. त्यांनी हात जोडले नाहीत. पायातले जोडे मात्र काढून बाजूला ठेवले आणि गार खड्यांवर अनवाणी उभ्या राहिल्या, कडेवर दगडू. पाण्यावर धुकं अजून होतं. समोरच्या काठावर ज्वारी उभी होती आणि राखणदाराची आरोळी ऐकू येत होती. माय परत फिरली तेव्हा दगडू त्यांच्या खांद्यावर गाढ झोपला होता. कित्येक दिवसांनी तो असा झोपला होता.

त्यानंतर चिंचबनातल्या सतरंज्या रिकाम्या राहिल्या. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही, बायकांनी फक्त पोरं पाठवणं बंद केलं. कढईभर दूध करायचे आणि संध्याकाळी ओढ्यात ओतायचे. माझ्या मैत्रिणीच्या, चंपीच्या डोळ्यांत रोज थेंब घालत होते, तेही थांबले. तिचा एक डोळा पुढं कायमचा अधू राहिला. थेंब चालू राहिले असते तर वाचला असता का, ते मला माहीत नाही. पण तिच्या लग्नात, तिच्या मुलांच्या लग्नात, मी तिच्या त्या डोळ्याच्या बाजूला कधी बसले नाही. नाताळाच्या दिवशी सातांनी मिळूनच तारे बांधले. मी ज्वारीत उभी राहून लांबून पाहिले. वाऱ्यावर ते सगळे एकदम फिरत होते आणि खाली गाणं म्हणणारे सातच जण होते. इतकं सुंदर आणि इतकं ओकंबोकं मी नंतर काही पाहिलं नाही.

ठरल्या दिवसाआधीच ते निघाले. संक्रांत जवळ आली होती. गाड्या जुंपल्या, पेट्या चढवल्या. निरोपाला पाटील आणि चार म्हातारे, बाकी गाव आपापल्या दारात. तेवढ्यात माय घरातून निघाली. तिच्या पदरात काहीतरी होतं. ती सरळ एल्साबाईंच्या गाडीशी गेली आणि त्यांना खाली उतरा म्हणून खुणावलं. त्या उतरल्या. मायनं त्यांच्या फ्रॉकचा घेर दोन्ही हातांत दिला, असा धर म्हणून दाखवलं, आणि त्यात ओंजळीनं ज्वारी घातली, सुपारी घातली, खण ठेवला. कपाळाला कुंकू लावू का म्हणून बोट पुढं केलं. एल्साबाईंनी मास्तरांकडं न बघता मान खाली केली. सासरी जाणाऱ्या लेकीची ओटी भरावी तशी मायनं त्यांची ओटी भरली, आणि सगळा गाव तोंडाला पदर लावून बघत राहिला. जिच्या पोराचं जावळ गेलं तिनंच हे का करावं, ते कुणाला उमगलं नाही. मलाही नाही.

तो हिवाळा माय दगडूवर डोळा ठेवून जगली. त्याला शिंक आली की हातातलं टाकून यायची. पण खवडे बरे झाले, आणि चैत्रापर्यंत बोटभर नवे केस आले. पाचव्या वर्षी ते मामाच्या मांडीवर निघाले. दगडू मोठा झाला, मानवतला जिनिंगमध्ये कामाला लागला, त्याला टक्कल पडलं आणि त्यावरून आम्ही त्याला फार छळलं. तो अजून आहे, आणि फोनवर अजून माझ्याशी भांडतो.

मी शिकले, मास्तरीण झाले. वर्गात खोटं बोललेलं पोर मला बघताक्षणी ओळखू यायचं, पण मी ते सगळ्यांसमोर कधी विचारलं नाही. बाकी शिक्षक म्हणायचे, तुमी लय मऊ आहात, बाई. आणि घरी मायसमोर बसलं की दरवर्षी हुरड्याच्या दिवसांत ते जिभेवर यायचं आणि परत आत जायचं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं अशीच गेली. आता सांगून काय उपयोग, असं वाटायचं, आणि सांगितल्याशिवाय ही गेली तर, असंही वाटायचं.

शेवटी एका पौषात, दुपारी, अंगणात उन्हाला बसून आम्ही तूर निवडत होतो. माय फार थकली होती. हात थरथरायचे, नजर मात्र साफ. काही कारण नसताना मी बोलून गेले. म्हणाले, माय, त्या गोऱ्या बाईनं विचारलं होतं. मला तुझ्याकडं पाठवलं होतं. मीच बांधावरून परत गेले.

मायनं हात थांबवला नाही. म्हणाली, ठाऊक हाय.

मला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, अगं ठाऊक हाय म्हनले ना. त्यांनी न विचारता कात्री लावली असती तर तू बोंबलत रानात आली असतीस माझ्याकडं. दगडूला खरचटलं तरी यायचीस. त्या दिशी तू आलीच न्हाईस. घरी येऊन कोपऱ्यात बसलीस. तवाच मी समजले.

मग म्हणाली की तिनं स्वतः दोनदा विळा घेतला होता त्या जटांसाठी, आणि दोन्ही वेळा तिचा हात उचलला नव्हता. राख ठेवताना देवीला तिनं हेही सांगितलं होतं.

मी विचारलं, मग चावडीवर तू बोलली का नाहीस. मला मारलं का नाहीस. एवढी वर्षं एका शब्दानं का नाही म्हणालीस.

"गोदे, ती बाई तुझ्यापायी खोटं बोलली," माय म्हणाली. "देवाच्या नावानं आलेली मानसं ती. त्यांना किती जड गेलं आसंल. ते मी वाया घालवू?"

मला रडू फुटलं. मायनं मला रडू दिलं आणि सूप आपल्याकडं ओढून उरलेली तूर निवडायला घेतली.